‘अवतार २’ : ठाण्याहून नवी मुंबईला घर हलवल्याची तीन तास बारा मिनिटं

भिजलेला_बोका | १८ डिसेंबर २०२२, सकाळी ११:०५

आधीच सांगतो, खाली सगळी कथा फोडली आहे. फोडण्याएवढी ती आहे का, हा भाग वेगळा.

काल रात्री सहकुटुंब सहपरिवार ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’ बघून आलो. मी, बायको, दोन पोरं आणि आमचे बाबा, वय ७१, पोस्टातून निवृत्त. पहिला भाग आला डिसेंबर २००९ मध्ये. तेव्हा माझं लग्न ठरायचं होतं. मधल्या तेरा वर्षांत लग्न, दोन पोरं, दोन नोकऱ्या, एक गृहकर्ज आणि एक कोविड एवढं सगळं माझं उरकलं. तोवर दिग्दर्शक जेम्स कॅमेरूनसाहेब टाकी भरत होते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पँडोरा नावाच्या ग्रहावर नावी नावाचे नऊ-दहा फुटी निळे लोक राहतात. जेक सली हा आपल्यातला, व्हीलचेअरवरचा माजी सैनिक. पहिल्या भागात तो कायमचा निळा झाला, मुखियाच्या मुलीशी लग्न करून तिथेच राहिला. आपल्या भाषेत घरजावई. आता त्याला तीन पोरं, चौथी दत्तक, शिवाय दिवसभर यांच्याच घरात पडलेला स्पायडर नावाचा एक माणसाचा पोरगा. पहिल्या भागात मेलेला कर्नल परत आलाय, कारण मरायच्या आधी त्याच्या आठवणी साठवून ठेवल्या होत्या, त्या आता एका निळ्या देहात ओतल्यात. हा कर्नल एका दृश्यात स्वतःचीच जुनी कवटी हातात घेतो आणि चुरडतो. मला वाटलं आता काहीतरी मोठं तत्त्वज्ञान येणार. नाही आलं. कवटी फुटली, पुढचा सीन.

तर कर्नल जेकच्या मागे लागतो. जेक म्हणतो, माझ्यामुळे जंगलातल्या टोळीला धोका नको, आपण समुद्राकाठी राहायला जाऊ. बिऱ्हाड उचलतो आणि मेटकायिना नावाच्या दर्यावर्दी टोळीकडे जातो.

आणि इथे मला साक्षात्कार झाला. मी २०१९ साली वर्तकनगरहून नेरुळला घर हलवलं. उपवनला फेरफटका, पावसाळ्यात येऊर, असा जंगलाच्या कडेला वाढलेला माणूस मी. आलो खाडीकाठी. जेकच्या पोरांना तिथली पोरं चिडवतात, तुमची शेपूट बारीक, तुम्हाला पोहता येत नाही. माझ्या थोरल्याला नव्या सोसायटीत पहिल्या दिवशी फुटबॉलला घेतलं नाही, म्हणाले तू ठाण्याचा ना. पुढचा तास-दीड तास नवी शाळा, नवे शेजारी, कडेवर बसणारी धाकटी, बापाची ‘इथे नीट वागा, आपण पाहुणे आहोत’ ही टेप. मधूनच बाप बजावतो, सली एकत्र राहतात. आमच्याकडे हेच वाक्य सामानाचा टेम्पो मुलुंड ऐरोली पुलावर बंद पडला तेव्हा मी म्हटलं होतं.

म्हणजे हा सिनेमा नावी लोकांचा नसून नवी मुंबईचा आहे. बाकी मासे आणि बंदुका ही नुसती सजावट.

बाबांची समांतर कॉमेंटरी चालू होती. “हा कोणाचा?” “मगाशी मेला तो हा का?” “या शाळकरी पोरीचा आवाज बाईसारखा का?” मध्यंतरात त्यांनी निकाल दिला : अख्खी गोष्ट पोस्टकार्डावर मावेल, आंतरदेशीयही लागणार नाही.

खरंय. पोस्टकार्डाएवढी गोष्ट. मग माझा प्रश्न असा : मी तीन तास बारा मिनिटं जागचा हललो का नाही? बाबाही नाही हलले, आणि ते बातम्याही सलग बघत नाहीत. कुणाला कळलं तर सांगा.

---

टवाळखोर | १८ डिसेंबर, ११:२२

नावी मुंबई! :हसून लोळण:

पहिला नंबर माझा. आता पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

घोडबंदरकर | १८ डिसेंबर, ११:४०

ठाणे म्हणजे जंगल हे मान्य. पण नेरुळकरांना दर्यावर्दी म्हणणं जरा जास्त होतंय. पामबीच रोडवर गाडीतून काच वर करून खाडी बघणाऱ्यांना मेटकायिना म्हणतात का?

---

शुद्धलेखन_दादा | १८ डिसेंबर, ११:५८

पँडोरा हा ग्रह नव्हे, उपग्रह आहे. पॉलिफेमस नावाच्या वायुगोलाभोवती तो फिरतो, आणि तो वायुगोल अल्फा सेंटॉरी या ताऱ्याभोवती. म्हणजे आपल्यापासून सव्वाचार प्रकाशवर्षांच्या आसपास. धागाकर्त्याने दुरुस्ती करावी. तसंच ‘कॉमेंटरी’ऐवजी ‘समालोचन’ चाललं असतं.

---

टवाळखोर | १८ डिसेंबर, १२:०१

दादा, उपग्रहावर घर घेतलं तर कार्पेट एरिया किती धरतात?

---

वरणफळ | १८ डिसेंबर, १२:३५

बोकोबा, घरजावई हा शब्द टाकून तुम्ही पुढे निघून गेलात. पण खरी गोम तिथेच आहे.

ते जंगल नेयतिरीचं, म्हणजे जेकच्या बायकोचं, माहेर आहे. तिचे वडील पहिल्या भागात तिथेच गेले. आई तिथे टोळीची पुजारीण आहे. धनुष्य वडिलांचं. जेक तिथे आला पाहुणा म्हणून, राहिला घरजावई म्हणून, टोळीचा प्रमुख झाला सासऱ्याच्या जागेवर. आणि आता हाच माणूस ठरवतो की आपण जायचं! ती रडून सांगते, हे माझं घर आहे. हा म्हणतो, कुटुंब म्हणजेच घर. छान वाक्य आहे. आमच्याकडे सामान बांधताना नेहमी असलीच वाक्यं ऐकू येतात, आणि म्हणणारा कधीच भांडी गुंडाळत नसतो.

मग समुद्राकाठी गेल्यावर तिला करायला काय ठेवलंय? पोरांच्या नावाने हाका मारायच्या, शेवटी रडायचं आणि धनुष्य घेऊन वीसेक माणसं पाडायची. झोई साल्दान्यासारखी नटी घेऊन तिला मधला एक तास चक्क विसरले. त्यापेक्षा मेटकायिनांच्या मुखियाची बायको रोनल बरी. गरोदर बाई, मोठं पोट, भाला घेऊन थेट लढाईत. तिचं डोहाळजेवण कुठे घातलं कोण जाणे.

---

अर्धी_कचोरी | १८ डिसेंबर, १२:४४

वरणफळ +१००. भांडी गुंडाळण्याचा मुद्दा फ्रेम करून लावणार आहे.

---

खोल_पाणी | १८ डिसेंबर, १३:१५

सगळे तुटून पडले आहेत म्हणून दुसऱ्या बाजूने चार शब्द.

रोनल म्हणजे केट विन्स्लेट. ‘टायटॅनिक’नंतर पंचवीस वर्षांनी कॅमेरूनबरोबर. या सिनेमासाठी ती एका दमात सात मिनिटांहून जास्त वेळ पाण्याखाली राहिली आहे. बाकी नटही दम रोखून पोहायला शिकले, कारण यांनी पाण्यातली दृश्यं दोरीला लटकवून ‘पाणी आहे असं समजा’ करत चित्रित केली नाहीत. कॅलिफोर्नियात सुमारे नऊ लाख गॅलनची टाकी बांधली आणि त्यात खरोखर बुडून अभिनय टिपला. हवेच्या नळकांड्या पाठीला लावल्या तर बुडबुडे येतात आणि हालचाल टिपण्यासाठी शरीरावर लावलेल्या खुणा कॅमेऱ्यांना दिसत नाहीत, म्हणून दम रोखायचा. वरचा दिव्यांचा उजेड पाण्यात चमकून घोळ घालू नये म्हणून पृष्ठभागावर छोटे पांढरे गोळे पसरले होते, त्यातून डोकं वर काढायचं.

आणि हा माणूस नुसता सिनेमावाला नाही. २६ मार्च २०१२ ला तो एकटा पाणबुडीत बसून मारियाना गर्तेत, चॅलेंजर डीपच्या तळाशी गेला होता. जवळजवळ अकरा किलोमीटर खोल. ज्याने समुद्र तिथून पाहिलाय त्याच्या सिनेमाला पोस्टकार्ड म्हणणं मला पटत नाही. हे चित्र आहे. चित्राला ‘गोष्ट काय’ असं विचारत नाहीत.

---

घोडबंदरकर | १८ डिसेंबर, १३:३१

नऊ लाख गॅलन म्हणजे अंदाजे ३४ लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने ३४० टँकर. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हा आकडा दाखवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, रेट काय लावला असेल?

---

भिजलेला_बोका | १८ डिसेंबर, १३:५०

@खोल_पाणी : चित्राला गोष्ट विचारत नाहीत हे कबूल, पण चित्र तीन तास समोर उभं राहून ‘ब्रो, ब्रो’ करत नाही. सव्वाचार प्रकाशवर्षांवरच्या निळ्या पोरांनी एकमेकांना ब्रो म्हणायचं? भाषा तयार करायला पॉल फ्रॉमर नावाचा भाषातज्ज्ञ बसवला होता ना? त्याला म्हणावं, दादूस तरी घ्यायचं.

@शुद्धलेखन_दादा : उपग्रह. मान्य. कॉमेंटरी राहू द्या, बाबांचं चाललं होतं त्याला समालोचन म्हणणं म्हणजे त्या शब्दाचा अपमान.

@वरणफळ : बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ही चूक होती. आता वर्तकनगर प्रकरण पुन्हा उघडलंय.

---

तांत्रिक_बाबा | १८ डिसेंबर, १५:१०

एक गोष्ट कुणी बोलत नाहीये. चित्र मधूनच सीरियलसारखं गुळगुळीत दिसत होतं का? मला वाटलं माझा चष्मा बिघडला. कारण असं : सिनेमा साधारण सेकंदाला २४ चित्रांवर चालतो. यात पाण्यातली आणि मारामारीची बरीच दृश्यं ४८ वर आहेत, म्हणजे थ्रीडीमध्ये वेगवान हालचाल फाटत नाही. पण बोलण्याच्या साध्या दृश्यांत ते परत २४ वर येतात. ही ये-जा चालू असते. पाण्यात मस्त, जमिनीवर आलं की डोळ्याला ठेच लागते.

दुसरं, थ्रीडी चष्म्यामुळे पडदा मुळातच अंधारतो. प्रोजेक्टरचा दिवा जुना आणि कमी ताकदीचा असेल तर कॅमेरूनने नऊ लाख गॅलन ओतले काय आणि नळाखाली बादली ठेवली काय. आम्ही ज्या थिएटरात गेलो (नाव नको) तिथे निळे लोक करडे दिसत होते. तक्रार केली तर पोरगा म्हणाला, सर, खोल समुद्र आहे ना.

---

टवाळखोर | १८ डिसेंबर, १५:१४

“सर, खोल समुद्र आहे ना.” त्या पोराला बढती द्या.

---

आळशी_वाचक | १८ डिसेंबर, १६:००

मुळात याला लोक सायन्स फिक्शन का म्हणतात? शेंडी झाडाला जोडली की मेलेली माणसं भेटतात. शेंडी माशाला जोडली की मासा वाहन होतो. एक मुलगी आहे जिचा बाप कोण कुणालाच माहीत नाही, ती समुद्राशी बोलते आणि मासे तिचं ऐकतात. आमच्या आजीच्या गोष्टीत याहून जास्त विज्ञान होतं. ही सरळसरळ परीकथा आहे, फक्त राक्षसांकडे हेलिकॉप्टर आहेत.

---

शुद्धलेखन_दादा | १८ डिसेंबर, १६:२०

त्या मुलीचं नाव किरी. वय चौदा. आणि तिचं काम केलंय सिगॉर्नी वीव्हर यांनी, ज्यांचा जन्म १९४९ चा. बोकोबांच्या वडिलांनी आवाज बरोबर ओळखला. समालोचन उत्तम होतं असं म्हणतो.

---

भिजलेला_बोका | १८ डिसेंबर, १६:२५

बाबांना सांगितलं. दोन दिवस आता घरात वावरणं कठीण.

---

पेठेतला_पाहुणा | १८ डिसेंबर, १८:०५

आता थोडं शास्त्राला धरून. सिनेमाचं नावच ‘अवतार’. आपला पहिला अवतार मत्स्य. पण साहेबांनी पहिल्या भागात जंगल दाखवलं आणि पाणी दुसऱ्यात. क्रम चुकला, असं मी थिएटरात म्हणत होतो. घरी येताना वाशीच्या पुलावर ट्यूब पेटली.

दुसरा अवतार कोणता? कूर्म. कूर्मावतार कशासाठी? समुद्रमंथनासाठी, मंदार पर्वत पाठीवर घ्यायला. मंथनातून शेवटी काय निघालं? अमृत. आता आठवा, सिनेमात त्या प्रचंड माशांच्या, टुलकुनांच्या मेंदूतून माणसं कसला पिवळा द्रव काढतात? त्याचं नाव ‘अम्रिता’! माणसाचं म्हातारपण थांबवणारा, एका कुपीची किंमत कोट्यवधी डॉलर. दुसरा भाग, समुद्र आणि अमृत. क्रम अगदी बरोबर आहे.

---

अर्धी_कचोरी | १८ डिसेंबर, १८:१२

आई शप्पत! म्हणजे तिसरा वराह, चौथा नरसिंह?

---

पेठेतला_पाहुणा | १८ डिसेंबर, १८:१९

नरसिंह तर आत्ताच तयार आहे. ना धड माणूस ना धड नावी, आंगाला निळे पट्टे ओढून फिरणारा तो स्पायडर. कर्नलचा पोरगा. खांबातून नाही, प्रयोगशाळेतून आला एवढंच.

---

वरणफळ | १८ डिसेंबर, १८:४०

नरसिंहाने हिरण्यकश्यपूचं पोट फाडलं. या पोराने बुडणाऱ्या कर्नलला पाण्यातून ओढून वाचवलं. कशाला वाचवलं? पुढच्या भागाला खलनायक हवा म्हणून. मी थिएटरात मोठ्याने ‘अरे सोड त्याला’ म्हटलं, मागच्या रांगेतल्या काकूंनी टाळी दिली.

---

टवाळखोर | १८ डिसेंबर, १८:५५

आमच्या सोसायटीत तीन अमृता आहेत. एकीचीही किंमत कमी लेखायची माझी हिंमत नाही.

---

घोडबंदरकर | १८ डिसेंबर, २१:३०

शेवटच्या लढाईतलं एक कोडं कुणीतरी सोडवा. मेटकायिनांची अख्खी फौज माशांवर बसून येते, आरोळ्या ठोकते, लढाई सुरू होते. मग कॅमेरा जेकच्या घरातल्यांवर जातो आणि नंतर तासभर ती फौज दिसतच नाही! जहाज बुडतंय, पोरं अडकलीत, जेक आणि कर्नल एकमेकांचा गळा धरून पाण्यात, आणि शेजारी गायब. मुखियाची स्वतःची मुलगी सुटली, बस्स, चला घरी.

---

आळशी_वाचक | १८ डिसेंबर, २१:३८

यात कोडं कसलं? सोसायटीची सर्वसाधारण सभा बघितली नाहीस का कधी? घोषणेला सगळे, पुढे कमिटीतले चौघं.

---

चिंबोरी | १९ डिसेंबर २०२२, रात्री १:१०

झोप येत नाही म्हणून लिहिते. मी इथे फार लिहीत नाही, वाचत असते.

मी कोळीवाड्यातली, बेलापूरच्या बाजूची. आमचे आप्पा आता मासेमारीला जात नाहीत, पण पंचेचाळीस वर्षं खाडीत होते. भाऊ अजून जातो. काल आप्पांना घेऊन गेलो होतो. आयुष्यातला त्यांचा थिएटरातला कितवा सिनेमा असेल, हाताच्या बोटांवर.

आधी चेष्टेची गोष्ट. आप्पांनी पहिल्या अर्ध्या तासात सांगितलं की या लोकांचं खोटं आहे. का? तर समुद्राकाठी राहतात आणि कुणाच्या अंगाला चिखल नाही. जाळी विणताना कुणी दिसत नाही. सुकवायला काही घातलेलं नाही, वास घेणारी मांजर नाही. आमच्याकडे ओहोटीला बाहेर पडलं की गुडघाभर चिखल, त्यात निवट्या उड्या मारतात, कांदळवनाच्या मुळ्या पायाला लागतात. यांचं पाणी काचेसारखं. आप्पा म्हणाले, “यो दर्या न्हाय, यो हौद हाय.” वर कुणीतरी टाकीचं लिहिलंय ते वाचून मी हसत सुटले. म्हातारा नुसत्या डोळ्यांनी ओळखून बसला होता.

मग मुखियाची ती मुलगी जंगलातल्या पोरांना दम रोखायला शिकवते ना, छातीवर हात ठेवून, हळू श्वास, ठोके मंद करा. तिथे आप्पा गप्प झाले. बुडी मारायला त्यांच्या काकाने त्यांना तसंच शिकवलं होतं. पोटाने श्वास घ्यायचा, घाई करणारा आधी वर येतो.

आणि मग ती टुलकुनची शिकार. तुम्ही सगळ्यांनी अमृताचा विनोद केलात, छानच आहे, पण त्याआधीचा सीन कुणीच लिहिला नाही. शिकारी मुद्दाम पिल्लाची आई निवडतात, कारण पिल्लू सोबत असलं की ती वेगाने पळू शकत नाही. तिला दमवतात, भाला मारतात, फुगे लावतात म्हणजे बुडायला नको. एवढा मोठा जीव, आणि त्यातून काढलं काय तर एक कुपी. बाकी सगळं टाकून दिलं. आप्पांनी माझा हात धरला. आमच्याकडे जून-जुलैमध्ये होड्या वर ओढून ठेवतात, सरकारी बंदी ६१ दिवसांची, पण बंदी यायच्या कितीतरी आधीपासून जुनी माणसं ते पाळत आली. गाभोळीचे, म्हणजे माशांच्या पोटात अंडी असण्याचे, दिवस असतात. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही. आप्पा एवढंच म्हणाले, “आयला मारतान? पिलवाच्या म्होरं?”

बोकोबा, तुम्ही विचारलंत हललो का नाही. तुमचं मला माहीत नाही. आप्पा का हलले नाहीत ते मी सांगितलं.

---

खोल_पाणी | १९ डिसेंबर, ७:४५

चिंबोरीताई, माझ्या अकरा किलोमीटर खोलीपेक्षा तुमचा हौद भारी. अप्रतिम प्रतिसाद. आप्पांना नमस्कार.

---

भिजलेला_बोका | १९ डिसेंबर, ९:२०

ताई, तो सीन मी लिहिला नाही, कारण धाकटीने तेव्हा तोंड माझ्या शर्टात घातलं होतं आणि मी तिला ‘खोटं आहे गं, कॉम्प्युटरने केलंय’ असं सांगत होतो. माझा आवाज काही मला पटण्यासारखा येत नव्हता.

---

घोडबंदरकर | १९ डिसेंबर, ९:५५

ताई, एक शंका. माणसं आकाशातून येतात, जमीन घेतात, वर शहर बांधतात, मूळच्या लोकांनी कुठे जायचं ते दुसरेच ठरवतात. नवी मुंबईच्या गावठाणात हे बघताना लोकांना काही वेगळं वाटलं का? ९५ गावांच्या जमिनीवर शहर उभं राहिलंय, म्हणून विचारतो.

---

चिंबोरी | १९ डिसेंबर, १३:०५

मध्यंतरात भाऊ म्हणाला, जेक बावळट आहे. पळून कशाला जायचं? मोर्चा काढायचा आणि घेतलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के परत मागायचे. आजूबाजूच्या चार रांगा हसल्या. त्यावरून कळलं की थिएटरात गाववाले बरेच होते.

तुमच्या प्रश्नाचं लांब उत्तर आहे, ते या धाग्यावर नको. पण एक सांगते. त्या निळ्या लोकांकडे सातबारा नव्हता, म्हणून त्यांना लढाई करता आली. आमच्या आजोबांना कागद वाचता येत नव्हता, त्यांच्याकडून अंगठा घेतला.

---

टवाळखोर | १९ डिसेंबर, १३:११

(विनोद सुचत नाहीये. पुढे चला.)

---

अर्धी_कचोरी | १९ डिसेंबर, १६:३०

अवांतर : खाडी बघायची असेल तर ऐरोलीहून वनखात्याची फ्लेमिंगो बोट सुटते, थंडी-उन्हाळ्यात जा. ठाणे खाडीला याच वर्षी रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा असा दर्जा, मिळालाय. चष्मा लागत नाही, सेकंदाला कितीही चित्रं, आणि सगळं गुलाबी. चिखल आहे, आप्पांना सांगा.

---

तांत्रिक_बाबा | १९ डिसेंबर, १६:४१

आणि मध्यंतर कुठे असतं? कारण तीन तास बारा मिनिटं पाण्याचा खळखळाट ऐकून माझी जी अवस्था झाली होती ती मी या धाग्यावर लिहू शकत नाही.

---

आळशी_वाचक | १९ डिसेंबर, १७:०२

म्हणजे बोकोबाही हलले नाहीत, आप्पाही नाहीत, बाबाही नाहीत, हलले फक्त तांत्रिक_बाबा.

---

पेठेतला_पाहुणा | १९ डिसेंबर, १९:२०

एक खंत. सिनेमा इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळममध्ये आला. मराठीत नाही. आप्पा आणि बोकोबांचे बाबा दोघांनाही ‘हा कोणाचा’ असं विचारावं लागलं. खरं म्हणजे मेटकायिना आगरी-कोळी बोलीत बोलले असते आणि जंगलवाले ठाण्याची बोलले असते, तर दोन टोळ्यांतला फरक शेपटी न बघता कळला असता.

---

घोडबंदरकर | १९ डिसेंबर, १९:२६

ठाण्याची बोली म्हणजे काय? “पार्किंग आहे का?”

---

वरणफळ | २० डिसेंबर २०२२, १०:१५

आज नवऱ्याला घेऊन दुसऱ्यांदा गेले. होय, मीच. शिव्या घालणारी.

पहिल्यांदा राग राग बघितला म्हणून जेकचा थोरला मुलगा जातो तो भाग नीट दिसलाच नव्हता. जखम कुणाला सांगत नाही, धाकट्या भावाला आधी सोडवतो, मग म्हणतो मला लागलंय. आईबाप दोघं दगडावर त्याला धरून. आणि नेयतिरी ओरडते ते ओरडणं. तिला मधला तास विसरले हे माझं म्हणणं कायम आहे. पण ते ओरडणं पोस्टकार्डावर मावत नाही, बोकोबा.

---

टवाळखोर | २१ डिसेंबर २०२५, ११:४५

धागा वर काढतोय. शुक्रवारी तिसरा आला, आग आणि राखेचा. हा तीन तास सतरा मिनिटं आहे. पाच मिनिटं वाढली. बोकोबा कुठे आहेत? जाणार का? पेठेतले पाहुणे, वराहाचं काय झालं?

---

पेठेतला_पाहुणा | २१ डिसेंबर, १२:०३

आग आणि राख म्हटल्यावर मी शास्त्र मिटून ठेवलं आहे. कुणाला होळीत वराह बसवता येत असेल तर बसवा.

---

चिंबोरी | २१ डिसेंबर, १२:३०

आप्पांना विचारलं येता का. म्हणाले, त्यात पाणी आहे का? म्हटलं थोडं आहे. म्हणाले, स्वच्छच असणार.

म्हणजे येणार आहेत.

---

भिजलेला_बोका | २१ डिसेंबर, १४:१०

आहे मी, इथेच आहे. थोरला आता सोसायटीच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन आहे. परवा एक नवं कुटुंब राहायला आलं, तर हाच त्यांच्या पोराला म्हणत होता, तू डोंबिवलीचा ना? कान धरून आत आणला.

पाच तिकिटं काढली आहेत. बाबा ७४ चे झाले, त्यांना कडेची सीट, मध्यंतराची वाट बघायला नको. पण पोस्टकार्डाचा मुद्दा त्यांनी सोडलेला नाही, जाताना खिशात एक कोरं कार्ड घेऊन येणार म्हणतात. चष्मे मात्र घरचेच वापरू. गेल्या वेळी पोरांच्या खिशातून दोन घरी आले होते, कुणाला बोलू नका.

---

शुद्धलेखन_दादा | २१ डिसेंबर, १४:१६

‘सीट’ नव्हे, ‘आसन’. आणि चष्मे परत करा.